स्टेपनी वाडीला, गाडी मौद्याला

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नागपूर-भंडारा रस्त्यावर, मौद्याच्या थोडं अलीकडे, गुलाबभाऊंच्या घरगाडीचा मागचा डावा टायर फाटला. गाडीत तीन माणसं होती : गुलाबभाऊ, त्यांच्या पत्नी कमलाकाकू आणि मी. गाडीत गादी होती, शेगडी होती, लाउडस्पीकर होता, छताला झुंबर होतं. स्टेपनी नव्हती.

गुलाबभाऊ हुडकेश्वरला माझ्या शेजारी राहत. त्यांचं बिछायत केंद्र होतं. लग्न, बारसं, तेरवी, सत्यनारायण, निवडणुकीची सभा, यांपैकी काहीही असलं की मंडप, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी पातेली म्हणजे गंज, आणि ताटं पुरवायची, हा धंदा. बुटके, रुंद, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेला. आवाज असा की त्यांना माइक कशाला लागतो, असा प्रश्न पडावा. तरी माइक ते सोडत नसत.

त्यांच्याकडच्या प्रत्येक वस्तूवर पिवळ्या रंगात 'गुलाब' लिहिलेलं असे. खुर्चीच्या पाठीवर, गंजाच्या पोटावर, ताटाच्या तळाशी. त्यांचा सिद्धांत होता, "नाव टाकलेली वस्तू हरपत नाही. फिरते, पण परत येते." यामुळे कोणाकडेही जेवायला बसले की ते आधी रिकामं ताट उलटं करून पाहत. माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही पाहिलं. ताट दुकानातून विकत आणलेलं होतं. तळ कोरा दिसला तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि पूर्ण जेवणभर ते मला समजावत राहिले की बिननावाच्या ताटाला कोणी वाली नसतो.

दुसरी सवय अशी, की त्यांना उभी माणसं पाहवत नसत. चार माणसं कुठंही बोलत उभी दिसली की ते खुर्च्या पाठवीत. एकदा आमच्या गल्लीत दोन कुटुंबांचं नळाच्या पाण्यावरून भांडण पेटलं. भाऊंनी दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकल्या, मधे सतरंजी अंथरली आणि भोवती कनात लावली. बसून भांडता येईना. थोड्या वेळानं एका बाजूनं चहा आला. पाण्याचा प्रश्न तसाच राहिला, पण भांडणाची वेळ निघून गेली होती.

घरगाडी ही मूळची त्यांची सामान वाहायची मेटाडोर. धंदा बराचसा त्यांचा मुख्य कारागीर बंडू बघू लागला, तेव्हा भाऊंनी ती घरगाडी केली. आतून सगळी भिंत गुलाबी आणि पिवळ्या चुण्यांच्या सॅटिननं मढवली. झोपायचा ओटा स्टेजच्या फळ्यांचा. खिडक्यांना मंडपाच्या झालरी. हॉर्न दाबला की सनई वाजे. मागच्या भागात नवरीसाठी असते ती लाल मखमलीची, सोनेरी सिंहाच्या हातांची खुर्ची पक्की बसवली होती, आणि तिच्यावर कमलाकाकू बसत. परिवहन कार्यालयानं या गाडीबद्दल काय मत दिलं, याची माहिती मला मिळू शकली नाही.

त्या दिवशीचा प्रवास नागझिऱ्याच्या जंगलापर्यंत जाणार होता. पण पहिला मुक्काम मौद्याच्या पुढच्या एका गावात, त्यांची मुलगी ज्योती हिच्या सासरी होता. दुपारी तिचं डोहाळजेवण होतं, आणि खरी गोष्ट तिथं अडकलेली होती.

ज्योतीच्या लग्नात भाऊंनी मंडप स्वतः घातला होता. कन्यादान केलं, पाय धुतले, सगळं केलं. मग विहीणपंगत बसली. दोन्हीकडचे आईबाप समोरासमोर. पानं वाढली. तेवढ्यात फोन आला, की मानेवाड्याच्या एका लग्नात भाऊंचा मंडप वाऱ्यानं कलला आहे. "आलो, आत्ता आलो," म्हणत भाऊ उठले. ते आले तेव्हा ज्योती सासरी पोचली होती. त्यांच्या पानावरचा भात तसाच होता आणि समोर बसलेले व्याही, रीत म्हणून, बराच वेळ घास हातात धरून होते. त्या गावात अजूनही कोणी यायला उशीर लावला की "गुलाबभाऊ झाला का बे?" असं विचारतात.

म्हणून डोहाळजेवणाच्या आधी ज्योतीनं वडिलांना फोन केला. तो स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला.

"बाबा, पहिल्या पंगतीत तुमचं पान मांडून ठेवतो आम्ही. तुम्ही आल्याशिवाय मी घास घेणार नाही. सांगून ठेवते."

"अवं, असं नोको करू. दोन जीवाची आहेस तू."

"तं मग वेळेवर या. अन् मंडप मी सुखदेवकाकाले सांगतला."

भाऊ एकदम उभे राहिले. सुखदेव हे पारडीचे बिछायतवाले, भाऊंचे जुने प्रतिस्पर्धी. दोघांनी एकाच वर्षी धंदा काढला होता, एकाच बनावटीच्या दोन मेटाडोर घेतल्या होत्या, आणि तेव्हापासून एका मोठ्या गंजावरून त्यांचं बोलणं बंद होतं. त्या गंजावर खालचं नाव खरवडून वरचं लिहिलं आहे, यावर दोघांचं एकमत होतं. खालचं कोणाचं, यावर नव्हतं.

"सुखदेवले? माह्या पोरीच्या डोहाळजेवणाले सुखदेवचा मंडप?"

"हो. म्हणजे तुमाले उठायले कारण नाही राहणार," ज्योती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला बरोबर घेण्याची सूचना काकूंची. "तुम्ही पेपरात हाय," त्या म्हणाल्या. "हे पोचले, बसले अन् जेवले, असं पाहून ठेवा. माह्या एकटीवर कोणी भरोसा नाही ठेवणार."

मी गेलो तो असा, बातमीदार म्हणून.

टायर फाटला तेव्हा भाऊ माइकवर बोलत होते. गाडी चालवताना ते वाटेतल्या गावांची माहिती काकूंना लाउडस्पीकरवरून देत असत. काकू त्यांच्यामागे हातभर अंतरावर बसलेल्या असत. मोठा आवाज झाला, गाडी डावीकडे झुकली, दचकून भाऊंचा हात हॉर्नवर पडला आणि आम्ही सनईच्या सुरात एका चिंचेच्या झाडाखाली जाऊन थांबलो.

"काय झालं वं?" भाऊंनी विचारलं. माइक चालूच होता. शेतात काम करणाऱ्या बायांनी मान वर केली.

"मले काहून विचारता?" काकू म्हणाल्या. "गाडी तुमची, रस्ता तुमचा, सनई तुमची."

"फिकर नोको करू. स्टेपनी टाकतो. अर्ध्या घंट्यात जाग्यावर."

ते मागं गेले. गाडीखाली वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. मग त्यांनी बंडूला फोन लावला. त्यांना फोन कानाला लावणं जमत नसे. तो ते ताटासारखा हातावर धरत.

"बंडू, स्टेपनी कुठी हाय गा?"

पलीकडे बँड वाजत होता. "भाऊ, वाडीले हाय! वाडीच्या मंडपाले बांधली!"

वाडीला, म्हणजे नागपूरच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. तिथं एका वाहतूकवाल्याच्या मुलीचं लग्न गोदामाच्या आवारात होतं. आवार सिमेंटचं. सिमेंटमध्ये खुंटी ठोकता येत नाही, म्हणून मंडपाच्या दोऱ्या जड वस्तूंना बांधतात. भाऊंनी कारागिरांना शिकवलेला पहिला नियमच तो होता : खुंटी बसत नसली तर जे जड दिसेल ते बांधा. आदल्या दिवशी सामान भरताना बंडूला घरगाडीखाली स्टेपनी दिसली. ती जड होती. त्यानं नियम पाळला.

"काढ ते," भाऊ म्हणाले. "दुसरं काही बांध अन् टेम्पोत टाकून पाठव इकडं."

"दुसरं काही नाही नं भाऊ. सगळं बांधलं. गंज बांधले, जनरेटर बांधलं. वारा लई हाय."

भाऊंनी डोळे मिटून विचार केला. "नवरीचा मामा आला काय?"

"आला."

"कसा हाय?"

"चांगला हाय भाऊ. भरलेला हाय."

"त्याले खुर्चीवर बसव. मानाची खुर्ची हाय म्हणून सांग. खुर्चीले दोरी बांध, मंग स्टेपनी सोड."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मी रस्त्याकडे पाहत उभा राहिलो, कारण भाऊंकडे पाहणं शक्य नव्हतं. फोन चालूच होता. पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, बंडू कोणाला तरी "मामाजी, बसा नं, तुमचा मान हाय" म्हणत होता. मग सगळं ठीक झालं असावं, कारण बंडू म्हणाला, "सोडली भाऊ, स्टेपनी सोडली." आणि लगेच, "अरे मामाजी! मामाजी, उठू नका! फोटो मंग काढा!" त्यानंतर मोठा गलका, एक बाई किंचाळली आणि बँड मधेच थांबला.

"बंडू! पडला काय?"

"नाही भाऊ! कलला! चौघं धरून राहिलो. स्टेपनी पाठवू का बांधू? लवकर सांगा!"

इथं भाऊ थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंचं हसू गेलं होतं. पुढं कोणतं उत्तर येणार, हे त्यांना माहीत होतं.

"बांध परत," भाऊ म्हणाले. "लोकाच्या पोरीचं लग्न हाय. बांध."

काकूंनी पाठ फिरवली. गाडीत जाऊन मखमलीच्या खुर्चीवर बसल्या. भाऊंनी फोन खिशात टाकला.

"माह्या पोरीचं पान पुन्हा तसंच राहीन काय वं?" त्यांनी हळू विचारलं. माइक तेव्हा बंद होता.

"तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "बसनं चला मंग. आत्ता निघू."

पण गाडीत ओटीचं सामान होतं, काकूंनी पहाटेपासून केलेल्या पुरणपोळ्यांचा गंज होता, आणि ती खुर्चीही होती, जिच्यावर ज्योतीला बसवायचं काकूंच्या मनात होतं. मौद्यातल्या टायरवाल्याला मी फोन केला. हा साइज आता कोणी ठेवत नाही, असं त्यानं सांगितलं. दरम्यान एक ट्रकवाला थांबला. पाठोपाठ मोटरसायकलवर नवरा, बायको आणि मधे एक सुटकेस. मग शेतातल्या बाया. चिंचेखाली बरीच माणसं उभी राहिली.

उभी माणसं. भाऊंना राहवलं नाही. त्यांनी टपावरचे बांबू काढले आणि आम्ही "नको, नको" म्हणेपर्यंत रस्त्याच्या कडेला छोटा शामियाना उभा झाला. सतरंजी आली. खुर्च्या आल्या. ट्रकवाल्यानं सांगितलं, की जॅक लावायचा तर मागचं वजन कमी करा. म्हणून मखमलीची खुर्चीही खोलून बाहेर आली, आणि जागा नसल्यामुळे शामियान्याच्या मधोमध ठेवली गेली. काकू थकल्या होत्या. त्या तिच्यावर बसल्या.

यानंतर जे झालं, त्याला कोणी एक माणूस जबाबदार नाही. एक एसटी वेग कमी करून गेली, खिडक्यांतून लोकांनी नमस्कार केले. काकूंनीही केले. एक म्हातारा आला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि "जेवणं कधी हाय?" विचारून झोपी गेला. दोन बायांनी काकूंना हळदकुंकू लावलं. मोटरसायकलवाल्याच्या बायकोनं सुटकेस उघडून नारळ काढला आणि त्यांच्या ओटीत घातला.

"कशाचा कार्यक्रम हाय वं काकू?" तिनं मग विचारलं.

"टायर फाटला," काकू म्हणाल्या.

"अस्सं," ती म्हणाली. नारळ परत घेतला नाही.

भाऊ माइक घेऊन उभे होते. "मंडळी, पंख्याची सोय होऊ शकली नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. ज्यांच्याजवळ या साइजची स्टेपनी असन, त्यांनी कृपया समोर यावं."

"अवं देवा! पुरे करा नं," काकू म्हणाल्या. "चला लवकर बसनं. सामान राहू द्या."

"लोकं बसले हायत वं. बसलेल्या माणसाले सोडून कसं जावं?"

"अन् पोरगी उपाशी बसली ते?"

 भाऊंनी डोक्याचा पंचा सोडला, तोंड पुसलं. मी त्यांना पहिल्यांदाच उघड्या डोक्यानं पाहिलं. मग ते माइक खाली ठेवून म्हणाले, "चला. सामान राहू द्या." आणि रस्त्यावर हात करत उभे राहिले.

जे वाहन थांबलं, ती एक मेटाडोर होती. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत 'सुखदेव' लिहिलेलं होतं. आत ज्योतीच्या डोहाळजेवणाची राहिलेली ताटं आणि खुर्च्या होत्या.

सुखदेव उतरले. उंच, वाळके, मिशी काळी केलेली. त्यांनी शामियाना पाहिला, सतरंजी पाहिली, सिंहासनावरच्या काकू पाहिल्या.

"काहून गा गुलाब," ते म्हणाले, "आता रोडवर बी ऑर्डर घेऊन राहिला काय?"

"तुह्यासारखं घरी बसून नाही होत नं माह्याच्यानं."

"बांबू वाकडा हाय तुहा."

"तुही नजर वाकडी हाय."

इतक्या वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. सतरंजीवरची मंडळी खुर्च्या पुढं ओढून ऐकू लागली. सुखदेव गाडीच्या मागं गेले, वाकले, फाटलेला टायर पाहिला, जिथं स्टेपनी असायला हवी ती रिकामी जागा पाहिली. बिछायतवाल्याला दुसऱ्या बिछायतवाल्याची अडचण समजायला वेळ लागत नाही.

"कोणत्या मंडपाले बांधली?" त्यांनी विचारलं.

"वाडीच्या," भाऊ म्हणाले.

सुखदेव हसले नाहीत. "माही मागच्या साली कळमन्याले बांधली होती," ते म्हणाले. "मी चार कोस पायी चाललो."

मग त्यांनी अट घातली. "माह्या स्टेपनीचं चाक देतो. बसते तुह्या गाडीले, एकच बनावट हाय. पण माह्या मंडपात तू पाहुणा. दोरीले हात लावायचा नाही."

"अन् खांब वाकडा असला तं?"

"असला तरी."

"अन् वारा सुटला तं?"

"सुटला तरी. मी हाय नं तिथं. तू फक्त बसजो."

भाऊंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सिंहासनावरून मान हलवली. कबूल झालं.

ट्रकवाल्यानं पाना धरला, मोटरसायकलवाल्यानं जॅक, आणि भाऊंनी माइकवरून प्रत्येक नटाची घोषणा केली. शेवटचा नट बसला तेव्हा टाळ्या पडल्या. शामियाना उतरला. मंडळी उठली, म्हातारा मात्र उठेना. त्याला हलवून पाहिलं, त्यानं कूस बदलली.

"राहू द्या खुर्ची," भाऊ म्हणाले. "नाव हाय तिच्यावर. येईल परत."

गावात पोचलो तेव्हा पंगत बसलेली होती. कोणी घास घेतला नव्हता. ज्योती हिरव्या साडीत दारातच उभी होती. सिंहासन उतरवलं, तिला त्यावर बसवलं. व्याह्यांनी भाऊंना हाताला धरून पहिल्या ओळीत नेलं. हात शेवटपर्यंत सोडला नाही.

भाऊ बसले. रिकामं ताट समोर आलं. त्यांनी ते उचललं, उलटं केलं, तळाशी 'सुखदेव' वाचलं आणि सरळ करून ठेवलं. वाढणं सुरू झालं : वडाभात, कढी, पाटोडीचा रस्सा, काकूंच्या पुरणपोळ्या. समोरचा खांब वाकडा होता. मी डोळ्यांनी पाहिला, त्यामुळे याबाबत शंका नाही. भाऊ त्याच्याकडे पाहत होते. मांडीवरचा त्यांचा डावा हात न दिसणारी एक गाठ पुन्हा पुन्हा मारत होता.

मग वारा सुटला. कापड फुगलं, खांब हलला, पंगतीतली सगळी डोकी भाऊंकडे वळली. भाऊ अर्धे उठले.

"बाबा," ज्योती म्हणाली.

भाऊ खाली बसले. सुखदेव मागून धावत आले, खांबाला लोंबकळले, कोणाला तरी शिव्या दिल्या आणि दोरी आवळली. भाऊंनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. समोर ज्योतीनंही मोडला. दोघांनी एकाच वेळी घास घेतला. व्याही मोठ्यानं "हां!" म्हणाले आणि पंगत जेवू लागली.

भाऊंनी दोनदा भात घेतला. शेवटी ते सुखदेवना म्हणाले, "खांब वाकडा हाय बरं काय तुहा." सुखदेव म्हणाले, "मुद्दाम ठेवला. तू बसतो का उठतो, ते पाहाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरगाडी नागझिऱ्याकडे निघाली. मी गावाच्या फाट्यावर नागपूरच्या बसची वाट पाहत उभा होतो. भाऊंनी सनई वाजवली. काकूंनी मागच्या खिडकीतून, झालर बाजूला करून, हात केला. सिंहासन ज्योतीकडे राहिलं होतं. काकू 'सुखदेव' लिहिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मागच्या डाव्या चाकावरही पिवळ्या अक्षरांत तेच नाव होतं, आणि चाक फिरेल तसं ते वरखाली होत लांब गेलं.

बिछायत केंद्र आता पूर्णपणे बंडू चालवतो. भाऊ आणि काकू पावसाळ्यापासून ज्योतीच्या गावी राहतात. वाडीची स्टेपनी लग्न आटोपल्यावर परत आली. तिच्यावर आता 'गुलाब' लिहिलं आहे. चिंचेखालची खुर्ची आलेली नाही. सुखदेवचं चाक परत गेलेलं नाही, आणि त्यांनी ते मागितलेलं नाही. नातीच्या बारशाला मंडप कोणाचा होता, याबद्दल दोन्ही बाजूंचे दावे वेगळे आहेत.

त्या बारशाला गुलाबभाऊ पहिल्या पंगतीत बसून शेवटपर्यंत जेवले. ज्योती, कमलाकाकू आणि सुखदेव या तिघांनीही, मी वेगवेगळं विचारलं असता, याला दुजोरा दिला.